दोघांचा पास

मापसाहेबांना लागलेला पास एकट्याचा असता, तर ही गोष्ट घडलीच नसती. ते गेले असते, बघून आले असते, आल्यावर स्वतःपुरता कपभर चहा करून प्यायले असते, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण पास निघाला दोघांचा. एकट्या माणसाला दोघांचा पास देणं म्हणजे टकल्याला कंगवा बक्षीस देण्यासारखं आहे. कंगवा चांगला असतो, देणाऱ्याचा हेतूही चांगला असतो, पण घरी आणल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच.

मापसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. तेहेतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात काढली. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, काटा बरोबर मध्यावर येतो का ते बघायचं, आला तर शिक्का मारायचा आणि नाही आला तर दुकानदाराचं तोंड बघायचं. निवृत्तीनंतर खातं सुटलं, पण सवय काही सुटली नाही. कुठलीही गोष्ट तीनदा मोजल्याशिवाय ते खरी मानत नसत आणि चौथ्यांदा विचार केल्याशिवाय करत नसत. घरात छताचा पंखा घ्यायचा होता, तेव्हा पात्यांच्या लांबीचा अभ्यास करण्यात त्यांनी अकरा महिने घालवले. पंखा आला त्या दिवशी त्यांच्या पत्नीने स्वेटर घातला होता. "छान आहे," त्या म्हणाल्या होत्या, "आता हा बंद कुठून होतो ते सांगा."

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मुलगी लांब, इतकी लांब की इकडे संध्याकाळ झाली की तिकडे ऑफिसं उघडायची. घरात उरले मापसाहेब, पंखा आणि टीव्ही. टीव्हीवरच्या मालिका त्यांना सोसवत नसत. त्यांत सगळे सतत एकमेकांवर ओरडत असायचे आणि आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलोय असं वाटायचं. एकदा बटणं दाबता दाबता त्यांना स्नूकर सापडलं. हिरवं टेबल, रंगीत चेंडू, हातात लांब काठी घेतलेली दोन गंभीर माणसं, आणि कुजबुजत बोलणारा निवेदक. शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय आणि त्याची झोप मोडू नये म्हणून सगळे जपून वागतायत, असं काहीसं ते वातावरण होतं. मापसाहेबांना ते फार बरं वाटायचं. ते स्वतःही मग सामना संपेपर्यंत चपला न वाजवता चालायचे.

अशा माणसाच्या नशिबी ती घड्याळवाली स्पर्धा यावी, याला काय म्हणावं! या स्पर्धेत एका सामन्याला दहा मिनिटं. एकच डाव, दहा मिनिटांनी ज्याचे गुण जास्त तो पुढे, दुसरा घरी. त्यातही पहिली पाच मिनिटं प्रत्येक फटक्याला पंधरा सेकंद, नंतरची पाच मिनिटं फक्त दहा. सेकंद संपत आले की पीप पीप वाजायचं, संपले की फाउल. आणि प्रेक्षकांना चक्क ओरडायची मुभा! "हा खेळाचा अपमान आहे," मापसाहेब पंख्याला म्हणाले, आणि त्या दिवशीचे बाराच्या बारा सामने त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले.

पाहताना हात रिकामे ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खात्यातून निरोपसमारंभात मिळालेलं स्टॉपवॉच काढून त्यांनी प्रत्येक फटका मोजायला सुरुवात केली. वाहिनीने एक स्पर्धा ठेवली होती: आजच्या शेवटच्या सामन्यात विजेत्याला एका फटक्याला सरासरी किती सेकंद लागतील? लोकांनी आठ, नऊ, दहा असं काहीबाही कळवलं. मापसाहेबांनी कोण जिंकणार ते ताडून त्या खेळाडूचे आधीचे तीन सामने मोजले होते. त्यांनी कळवलं, नऊ पूर्णांक चौसष्ट शतांश. उत्तर तंतोतंत निघालं. आठवड्याने जाड कागदाच्या पाकिटातून पास आला. अंतिम दिवस, शनिवार, दुपारी चार, शहरातलंच क्रीडागृह, रांग दुसरी, आसन सात आणि आठ.

सोबत अटींचं पत्रक होतं. अटी वाचायच्या हे मापसाहेबांचं व्यसन. सहावी अट अशी होती: 'सदर पास दोन व्यक्तींसाठीच वैध राहील. थेट प्रक्षेपणात रिकामी आसने दिसणे इष्ट नसल्याने एकट्या व्यक्तीस प्रवेश देण्याबाबतचा निर्णय आयोजकांचा राहील.' मापसाहेबांनी अट तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

म्हणजे माणूस शोधायचा. शहरात लाखो माणसं. त्यांतलं एक, दोन तासांसाठी. यात अवघड ते काय?

पहिला फोन त्यांनी मेहुण्याला केला. पत्नीचा धाकटा भाऊ, घरचाच माणूस.

"अरे वा भाऊजी! जरूर जा. जाऊन या आणि मला सांगा कसं झालं ते."

"तसं नाही, मी म्हणत होतो, तूही आलास तर..."

"मी? बघतो, बघतो. अजून दहा दिवस आहेत ना? आपण बोलू."

'आपण बोलू' म्हणजे आपण बोलणार नाही, हे मापसाहेबांना कळत होतं. पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. ते उठले आणि इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेले. ही त्यांची पहिली चूक, कारण सेक्रेटरींच्या घरात सरळ गेलेली गोष्ट सरळ बाहेर येत नसे.

"मी आलो असतो हो," सेक्रेटरी पास उजेडात धरून म्हणाले. "पण माझं पद बघा. उद्या लोक म्हणतील, सेक्रेटरीने पास लाटला. त्यापेक्षा आपण रीतसर करू. नोटीस लावू."

"नोटीस कशाला? एकच तर माणूस हवाय."

"एकच हवाय म्हणून तर नोटीस! तुम्हाला सोडून सोळा बिऱ्हाडं आहेत. एकाला विचारलंत तर पंधरांना राग."

मापसाहेबांना वाटलं, पंधरा लोकांना माझ्यावर रागावण्याइतकी माझी आठवण असेल तर बरंच आहे.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. गणसंख्या व्हायला पाऊण तास लागला. गंमत अशी की स्पर्धेला जायचं कुणालाच नव्हतं, पण दुसऱ्याने जावं हेही कुणाला मान्य नव्हतं. "स्नूकर म्हणजे तेच ना, कॅरमसारखं, पण उभ्याने?" एकाने विचारलं. दुसऱ्याने सल्ला दिला की असल्या ठिकाणी फार गारठा असतो, कानाला काहीतरी बांधून जा. तिसऱ्याचा साडूच टीव्हीत होता. त्याच्या भरवशावर हा तिसरा म्हणाला की कॅमेऱ्यात माणूस आहे त्यापेक्षा जाड दिसतो, तेव्हा शेजारी आणखी जाड माणूस बसवा. महिनाभरापूर्वी राहायला आलेले एक भाडेकरू मागून म्हणाले, "अहो, एवढा घोळ कशाला? मिसेसना घेऊन जा की!"

सेक्रेटरींनी कागद उलटसुलट केले. मापसाहेब त्या भाडेकरूंकडे बघून हसले आणि म्हणाले, "त्यांना स्नूकर आवडत नसे." भाडेकरूंना बिचाऱ्यांना 'नसे' कळायला दोन क्षण लागले, आणि कळल्यावर ते आपल्या स्कूटरमागे जाऊन उभे राहिले.

शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. चिठ्ठी निघाली ती तळमजल्यावरच्या दंतवैद्यांची, जे सभेला नव्हतेच. त्यांच्या वतीने चिठ्ठी त्यांच्या बायकोने टाकली होती, आणि शनिवारची दुपार नवरा घराबाहेर राहील या कल्पनेने ती माउली उजळून निघाली होती.

आता फॉर्म. पासाबरोबर दुसऱ्या व्यक्तीचा फॉर्म होता: नाव, ओळखपत्र, फोटो, सही, आणि 'पासधारकाशी नाते'. नात्यापुढे चौकटी होत्या. पती किंवा पत्नी, पालक, अपत्य, भावंड, मित्र. मापसाहेब दवाखान्यात गेले, तेव्हा दंतवैद्य दोन रुग्णांच्या मध्ये होते. त्यांनी भराभर सगळं लिहिलं आणि नात्यापाशी पेन थांबवलं.

"मित्र?"

"शेजारी अशी चौकटच नाही हो."

"नाही, माझी हरकत नाही. पण मित्र म्हणजे... आपण तसे जिन्यात भेटतो."

"नऊ वर्षं भेटतोय."

"नऊ वर्षं, हो. पण जिन्यातच."

दंतवैद्यांनी दात उपटताना करतात तसा धीराचा चेहरा केला आणि खूण केली. खूण इतकी बारीक होती की मापसाहेबांनी जिना चढताना खिशातून पेन काढून ती जरा ठळक केली. आयुष्यात त्यांनी छापील नमुन्यात केलेली ही पहिली खाडाखोड. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. नऊ वर्षांत आपण या माणसाला एकदाही घरी बोलावलं नाही, त्यानेही आपल्याला बोलावलं नाही, आणि पत्नी होती तोवर हे आपल्या लक्षातही आलं नाही, हा हिशेब ते रात्रीपर्यंत मांडत बसले.

क्रीडागृहाच्या खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म बघितला, फोटोवर पट्टी ठेवली आणि परत केला. "दोन मिलिमीटर मोठा आहे."

असं दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर तो मुकाट घरी गेला असता. मापसाहेब म्हणाले, "ती पट्टी जरा इकडे द्या." त्यांनी ती डोळ्यासमोर धरली, नखाने तिचं टोक चाचपलं, आणि खिशातून स्वतःची पोलादी पट्टी काढली. "तुमची पट्टी टोकाला झिजली आहे. तिचं शून्य दोन मिलिमीटर आत गेलंय. या पट्टीवर तुम्ही आत्तापर्यंत किती लोकांना परत पाठवलंत?"

मागे रांग होती. रांगेतल्या दोघातिघांच्या हातात परत आलेले फोटो होते. मग जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. कारकुनाने फोटो मान्य केला, पण शिक्का मारणारे साहेब जेवायला गेले होते, ते आले तेव्हा कारकून चहाला गेला, आणि दोघे एकत्र आले तेव्हा खिडकी बंद व्हायची वेळ झाली. शिक्का दुसऱ्या दिवशी मिळाला. मापसाहेबांनी तो भिंगातून पाहिला. तिरका होता.

शेवटची अट कपड्यांची. बारीक रेघांचे शर्ट घालू नयेत, ते पडद्यावर थरथरतात. मापसाहेबांनी कपाट उघडलं. अकरा शर्ट, अकराही बारीक रेघांचे. रेघांत तुम्ही उंच दिसता असं म्हणून पत्नीने ते एकेक करून आणले होते. कपाटासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग बाजारात जाऊन दुकान बंद व्हायच्या घाईत त्यांनी एक साधा निळा शर्ट घेतला. घरी घालून पाहिला तेव्हा तो खांद्यात इतका ढगळ होता की आत आणखी एक माणूस मावला असता.

शनिवारी दुपारी अडीचला मापसाहेब शर्ट घालून तळमजल्यावर हजर झाले. दार दंतवैद्यांनीच उघडलं. पांढऱ्या कोटात, हातात चिमटा.

"फार वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "ऐन वेळी एक दाढ आलीये."

"दाढ? माणूस आला असेल ना?"

"माणूसही आहे. पण मुख्य दाढच."

आतून कुणीतरी कण्हलं. मापसाहेबांचा नाइलाज झाला. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य ठणठणीत होता, गरजच वाऱ्यावर पडली होती. त्यांनी जिन्यातूनच मेहुण्याला फोन लावला.

"भाऊजी, असं कसं करता? आधी सांगायचं ना! आठ दिवस आधी जरी सांगितलं असतंत..."

"मी दहा दिवस आधी सांगितलं होतं."

"तेच म्हणतो मी. मध्ये एकदा आठवण करायची."

सेक्रेटरी खिडकीत उभे होते. त्यांनी वरूनच सांगितलं की नाव बदलायचं असेल तर अठ्ठेचाळीस तास आधी अर्ज लागतो. हे मापसाहेबांनाही ठाऊक होतं, अट अकरावी. परत वर जाऊन टीव्ही लावावा असं त्यांच्या मनात आलं. पण सोळाच्या सोळा बिऱ्हाडांसमोरून, निळ्या शर्टात, एकट्याने परत जिना चढायचा? त्यापेक्षा एकट्याने बसमध्ये चढणं सोपं होतं.

क्रीडागृहाच्या दारात वॉकी-टॉकी घेतलेल्या एक बाई सगळ्यांना जागेवर बसवत होत्या. त्यांच्या कपाळावर आठ्या अशा होत्या की त्या सकाळपासून उतरल्याच नसाव्यात.

"सात आणि आठ. दुसरे कुठायत?"

"येतायत," मापसाहेब म्हणाले. तेहेतीस वर्षांत खोट्या वजनाला शिक्का न मारलेला माणूस, पण जीभ वळली.

"किती वेळात?"

मापसाहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बघून बाईंना काय ते कळलं असावं. त्यांनी वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "दुसरी रांग, आठ रिकामी. खेळाडूच्या खुर्चीच्या बरोबर मागे. मुख्य कॅमेरा. एक पाठवा." मग मापसाहेबांना म्हणाल्या, "तुम्ही बसा काका. सोय होईल."

मापसाहेब सातव्या आसनावर बसले. समोर हाताच्या अंतरावर ते हिरवं टेबल, वर दिव्यांची छत्री, आणि भिंतीवर घराच्या दाराएवढं घड्याळ. इतकं सगळं बघायला होतं, पण ते बघत होते आठव्या आसनाकडे. ते घडीचं होतं, आणि कुणी बसलेलं नसलं की आपोआप मिटत होतं. त्यांनी एकदा ते हाताने उघडलं. सोडल्यावर पुन्हा मिटलं.

एवढ्यात "सरका जरा" म्हणत एक बाई आल्या आणि त्या आसनावर धपकन बसल्या. वय पंचावन्नच्या पुढे, हातात पाण्याची बाटली, गळ्यात कसलंसं कार्ड.

"मी रिकाम्या जागेवरची," त्या म्हणाल्या. "आम्ही सहा जण आहोत. जिथे खुर्ची रिकामी, तिथे आम्ही. एका खुर्चीवर एक सामना. गुडघे दुखतात म्हणून मी पुढच्या रांगा मागून घेतल्यात. तुमचे कोण येणार होते?"

"मित्र," मापसाहेब म्हणाले. "दाढ आली."

"त्यांना?"

"त्यांच्याकडे."

बाईंनी मान डोलावली, जणू असं रोजच होतं. घड्याळ सुरू झालं. दहा मिनिटं.

पहिला फटका बसला, लाल चेंडू विखुरले, लोक ओरडले. मापसाहेबांनी सवयीने स्टॉपवॉच काढलं. बाई वाकून बघू लागल्या. "हे काय, वर एवढं मोठं घड्याळ असताना?"

"खात्री करतोय."

"बरोबर आहे का ते?"

"आत्तापर्यंत आहे."

"मग सुटलो," बाई म्हणाल्या. मापसाहेबांना जाणवलं की आपल्याला हसू येतंय. ते त्यांनी आवरलं. मग ते त्यांना खेळ समजावून सांगू लागले. लाल घालवला की एक गुण, मग रंगीत, मग पुन्हा लाल, आणि काळ्याचे सात. एरवी हे सांगायला त्यांना अर्धा तास लागला असता. आज पीप पीप वाजायच्या आत एकेक वाक्य संपवायचं होतं. त्यांनाच नवल वाटलं, वाक्यं संपत होती. स्नूकरवरून बोलणं टीव्हीवर गेलं, टीव्हीवरून पंख्यावर, पंख्यावरून पत्नीवर. अकरा महिने ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. "आणि त्या थांबल्या?"

"थांबल्या."

"मोठ्या मनाच्या होत्या. मी तीन दिवसांत छताला दोरीने पुठ्ठा टांगला असता आणि दोरीचं टोक तुमच्या पायाला बांधलं असतं."

पाच मिनिटं झाली. आता फटक्याला दहाच सेकंद. हॉलमध्ये गोंगाट वाढला, बाईंना कानाशी येऊन बोलावं लागलं. त्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायच्या, आता निवृत्त. घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा इथे बरं. "आठ दिवस हा खेळ बघतेय," त्या म्हणाल्या, "मला एकच कळलं. सगळी धावपळ त्या पांढऱ्या चेंडूची. धडका तो खातो, भोकात दुसरे पडतात आणि मार्क त्यांच्या नावावर. आणि बिचारा स्वतः चुकून पडला, तर दंड! माझा संसार असाच झाला बघा."

मापसाहेब हसले. म्हणजे नुसते हसले नाहीत. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, ढगळ शर्टासकट हलत हसले. बाईही हसल्या. समोरचा खेळाडू दोन गुणांनी हरत होता आणि त्याच्या नेमकं मागे ही दोन माणसं पोट धरून हसत होती. कॅमेऱ्याने ते टिपलं, हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

घड्याळ शून्यावर आलं. लोक उभे राहिले. कोण जिंकलं ते मापसाहेबांनी पाहिलं नव्हतं, आणि हातातलं स्टॉपवॉच कधीपासून बंद होतं कोण जाणे. बाईंनी बाटली उचलली.

"चला. सातव्या रांगेत एक खुर्ची आहे."

"पण... पुढचा सामना?"

"पुढच्याला कॅमेरा पलीकडच्या बाजूने असतो. ही जागा दिसत नाही." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "बरं वाटलं हं. त्या बायकोच्या गोष्टी छान सांगता तुम्ही."

खुर्ची मिटली. थोड्या वेळाने मापसाहेबांनी मागे वळून पाहिलं. बाई सातव्या रांगेत एका चष्मेवाल्या गृहस्थांशी बोलत होत्या आणि ते गृहस्थही हसत होते. मापसाहेबांना त्या गृहस्थांचा राग आला. मग स्वतःच्या वयाचा विचार करून त्यांनी तो आवरला, पण पुरता नाही. आपल्याला दहा मिनिटं मिळाली, आणि दहा मिनिटांत आपण गेल्या महिन्याभरात बोललो नसू एवढं बोललो, हे त्यांना मोजून कळत होतं. नाव विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

इमारतीत परतले तेव्हा जिन्यात सभेला नव्हती एवढी गर्दी होती. सगळ्यांनी टीव्ही पाहिला होता. "फॉर्मवर तर डॉक्टरांचं नाव होतं," सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले, "मग त्या बाई कोण?" दंतवैद्य तर चक्क दुखावले होते. "मी नाही म्हटल्यावर इतक्या पटकन दुसरी सोय? म्हणजे तुमची आधीच ठरलेली होती तर!" त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. मापसाहेबांनी दोनदा सगळं खरं सांगितलं. तेवढ्यात चारजणांनी त्यांची पाठ थोपटली. ते वर गेले, दार लावलं, आणि फोन वाजला.

"बाबा! दिसलात!" मुलीचा आवाज इतका मोठा होता की फोन कानापासून लांब धरावा लागला. "मी इथे लॅपटॉपवर लावलं होतं. चार-पाच सेकंद दिसलात. थांबवून थांबवून बघितलं. किती हसत होतात! मी तुम्हाला असं हसताना... आणि शेजारी कोण हो त्या?"

"अगं, त्या म्हणजे..."

"थांबा, आधी मला सांगू दे. गेल्या आठवड्यात सेक्रेटरीकाकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, तुझे बाबा पास घेऊन दारोदार फिरतायत आणि कुणी यायला तयार नाही. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले बाबा. त्याच दिवशी आठ दिवसांची रजा टाकली. पुढच्या आठवड्यात येणार होते, तुम्हाला न सांगता. पण आज तुम्हाला बघितलं आणि जीव भांड्यात पडला. आता रजा रद्द करते, इथे माणसं फार कमी आहेत. ढीगभर कामं पडलीयत नुसती."

"अगं ऐक. त्या बाई तिथे कामावर होत्या. रिकाम्या खुर्च्या भरायच्या."

पलीकडे ती खळखळून हसली. "बाबा, किती हो लाजता! मला काही वाईट वाटणार नाही. आईलाही नसतं वाटलं."

"नाही गं, खरंच कामावर. गळ्यात कार्ड होतं."

"बरं, बरं. कामावर. कामावरच्या बाई असं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतात होय? खरंच बरं वाटलं मला, बाबा. ठेवते, शनिवार असूनही मीटिंग आहे."

फोन बंद झाला. उभ्या आयुष्यात त्यांच्या शब्दावर कुणी अविश्वास दाखवला नव्हता, आणि आज शेजाऱ्यांना, मुलीला सगळं खरं सांगितलं, तर कुणाचाच विश्वास बसला नाही. बरं, सगळे खूश होते. सेक्रेटरींना चौकशीला विषय मिळाला होता, दंतवैद्यांना रुसायला कारण मिळालं होतं, आणि मुलगी तर किती दिवसांनी निश्चिंत झाली होती. तिची निश्चिंती एका पारड्यात, आठ दिवस दुसऱ्या पारड्यात. मापसाहेबांनी मनातल्या मनात तोलून पाहिलं. काटा काही थांबेना. एरवी त्यांनी रविवारपर्यंत विचार केला असता, तिथून पुढच्या रविवारपर्यंत, आणि तोवर रजा रद्द झाली असती.

फोन नेहमी मुलीनेच करायचा, अशी पद्धत होती. ती कामात असेल, उगाच व्यत्यय नको, म्हणून मापसाहेबांनी दोन वर्षांत एकदाही स्वतःहून तिचा नंबर लावला नव्हता. आज त्यांनी लावला. चष्मासुद्धा शोधला नाही. घंटा वाजायला लागली, आणि काय बोलायचं ते काहीच ठरलं नव्हतं.

"बाबा? काय झालं? बरं आहे ना सगळं? मी मीटिंगमध्ये शिरतेय..."

"मीटिंग राहू दे," मापसाहेब म्हणाले. "मी एकटाच गेलो होतो. तू ये."